जिजीचं ताट

जिजीच्या ताटात काय असायचं यापेक्षा काय नसायचं, हे सांगायला जास्त वेळ लागतो. आंबा नसायचा, लिंबू नसायचं, पेरू नसायचा, पालेभाजी नसायची, आणि दूध-दही-ताक-तूप यांतला थेंबही नसायचा. हे तिला आवडत नव्हतं म्हणून नव्हे, आवडत होतं म्हणून. घरात कुणी आजारी पडलं, कुणी अडलं, कुणी पडलं-झडलं की जिजी तुळशीपुढं उभी राहायची, ओंजळीत पाणी घ्यायची आणि त्या माणसाच्या नावानं एक पदार्थ सोडून द्यायची. माणूस उठून कामाला लागायचा. पदार्थ ताटात परत यायचा नाही.

जिजी माझी थोरली जाऊ. शेवगाव तालुक्यातल्या आमच्या गावी मी लग्न होऊन आले तेव्हा ती त्या घरात जुनी झाली होती. मी ट्रेनिंग केलेली, गावच्याच शाळेत नोकरी लागलेली. त्यामुळं पहिल्या दिवसापासून तिनं माझं नाव 'मास्तरीन' ठेवलं ते शेवटपर्यंत. मी शाळेतून आले की म्हणायची, "आली मास्तरीन. हात धू आन् बस. सगळ्या गावाची पोरं श्यानी करून आलीस, आता दोन घास खा." मला ताट वाढून द्यायची आणि स्वतः चुलीपाशीच उकिडवी बसून भाकरी कालवणात कुस्करून खायची. तिला ताट घेऊन बसलेली मी फारशी पाहिलीच नाही. सगळ्यांचं झाल्यावर टोपात जे उरेल ते.

तिच्या सोडण्याला हिशेब होता आणि तो तिला तोंडपाठ होता. तिच्या मुलाला, रामाला, टायफॉईड झाला तेव्हा आंबा गेला. आमच्या सासूबाईंचं, म्हणजे आत्याबाईंचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा लिंबू गेलं. माझ्या लताच्या वेळी मी अडले होते, तेव्हा पालेभाजी गेली. एकदा बैलाला लाळ्या झाला, तेव्हा तिनं पेरू सोडला. मी म्हटलं, "जिजी, बैलासाठीसुद्धा?" तर म्हणाली, "बैल न्हाई घरातला? तुझ्या नवऱ्यापेक्षा जास्ती राबतो त्यो."

सगळ्यांत मोठं सोडणं माझ्या थोरल्या दिरांसाठी होतं. दादा विहिरीवर इंजिन बसवताना पाय घसरून आत पडले आणि त्यांची कंबर मोडली. पावसाळा गेला, हिवाळा गेला, दादा खाटेवरच. जिजीनं गोरस सोडला. दूध आणि दुधाचं जे जे म्हणून असेल ते सगळं. दादा उठले. पुन्हा शेतात जाऊ लागले. आणि रोज पहाटे म्हशीची धार काढणाऱ्या, ताक घुसळणाऱ्या, लोणी कढवणाऱ्या जिजीच्या जिभेला त्यानंतर दुधाचा स्पर्श झाला नाही. मनगटापर्यंत हात लोण्यात, आणि खायची कोरडी भाकरी.

"जिभंला चटका बसला की देवाला ऐकू जातं," असं ती म्हणायची.

"मग बरं झाल्यावर परत खायचं की," मी म्हणायची.

"देवाला दिल्यालं परत मागत्यात व्हय? असली कसली गं तू मास्तरीन?"

गावातही तिची कीर्ती झाली होती. शेजारची भागाबाई एकदा आली आणि ओट्यावर बसून म्हणाली, "जिजी, पोरीचं लगीन जमंना. तुमचं देव ऐकतो. काईतरी सोडा की वो आमच्यासाठी." जिजीनं सुपातलं धान्य पाखडता पाखडता तिच्याकडं पाहिलं. "तुझी पोर, तूच सोड. तंबाकू सोड. माझ्या ताटात आता पानी तेवढं राह्यलंय, ते सोडलं तर मग तुमा सगळ्यांचं कसं व्हायचं?" भागाबाई तंबाखूचं नाव काढताच उठून गेली. जिजी कितीतरी वेळ हसत होती.

एके वर्षी मी सातवीच्या मुलींना आहारावरचा धडा शिकवत होते. दूध, लिंबू, पालेभाज्या, कशात कोणतं जीवनसत्त्व. घरी येऊन पाहावं तर धड्यातलं एकेक जिजीनं ओंजळीनं तुळशीत ओतलेलं. मी एकदा वैतागून तिला सगळं समजावून सांगितलं. ती मन लावून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "हे तुझं जीवनसत्त्व कोन्त्या झाडाला लागतं ते सांग. म्हंजी कुनासाठी सोडायची पाळी आली तर ते पन हाताशी असावं." मी हसले. आता ते आठवलं की हसू येत नाही.

दुष्काळ पडला आणि रेशनला ज्वारीऐवजी अमेरिकेतला लाल मिलो आला. त्याची भाकरी थापताना तुटायची, खाताना घशात अडकायची. घरात होती तेवढी ज्वारी दादांना, माझ्या मालकांना, रामाला आणि दात नाहीत म्हणून आत्याबाईंना. मला नोकरी म्हणून कधी अर्धी, कधी चतकोर ज्वारीची. जिजीला मिलो. हे कुणी ठरवलं नव्हतं. न ठरवता होणाऱ्या गोष्टींचा मला सगळ्यांत जास्त राग येतो, कारण जाब विचारायला कुणी सापडत नाही.

त्या संक्रांतीच्या आसपासची गोष्ट. घरात एकच म्हैस उरली होती, चांदी. एका सकाळी गोठ्यातून कासांडी आपटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ दादांचं ओरडणं. चांदीनं लाथ मारली होती आणि होतं नव्हतं तेवढं दूध मातीत गेलं होतं. दादा जिजीवर खेकसत होते, "इतकी वर्सं धार काढतीस, बसायचं कुठं ते समजंना व्हय?" दादा गेल्यावर मी आत गेले. जिजी म्हशीच्या भलत्याच अंगाला बसली होती. म्हैस एका बाजूनं धार द्यायला शिकलेली असते, दुसऱ्या बाजूला कुणी बसलं तर ती खपवून घेत नाही. हे जिजीला मी सांगायची गरजच नव्हती.

"जिजी, या बाजूला का बसलात?"

"तिकडनं हात फिरंना."

"का फिरत नाही?"

तिनं दाराकडं पाहिलं. मग पदर बाजूला करून चोळीची गाठ सोडली. उजव्या स्तनात वरच्या अंगाला गाठ होती. मी हात लावला. हरभऱ्याच्या डाळीएवढी, सुपारीएवढी असलं काही म्हणायची सोय नव्हती. लिंबाएवढी होती आणि दगडासारखी एका जागी बसली होती. वरची कातडी आत ओढलेली. काखेतही काहीतरी हाताला लागलं.

"कधीपासून?"

"पोळ्याला बारीक हुती."

"आणि कुणाला बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? दाखवायची जागा हाय का ती? दुखत न्हवती बी."

मी त्याच संध्याकाळी घरात सांगितलं, की जिजीला उद्याच्या उद्या नगरला मोठ्या दवाखान्यात नेलं पाहिजे. थोरल्या दिरासमोर धाकट्या सुनेनं तोंड उघडायची आमच्याकडं रीत नव्हती. काही सांगायचंच झालं तर डोक्यावरचा पदर पुढं ओढून भिंतीकडं पाहात, "दादांना म्हणावं" अशी सुरुवात करायची. तशीच मी केली. भिंतीला सगळं सांगितलं.

मग घरात आणि शेजारीपाजारी चर्चा सुरू झाली. नगरची नाही. खाण्याची. जिजीनं काय खाल्लं म्हणून गाठ आली.

आत्याबाई म्हणाल्या, वातूळ खाल्लं असणार, हरभऱ्याची डाळ हिला फार लागते. दादा म्हणाले मिलो, अमेरिकेतल्या डुकरांचं खाणं आपल्याला घातल्यावर दुसरं काय होणार. कुणी हायब्रीड ज्वारीवर घसरलं, कुणी शेतात टाकायच्या पांढऱ्या खतावर, कुणी डब्यातल्या वनस्पती तुपावर. त्या तुपाला जिजी गोरस समजून हातही लावत नव्हती, पण त्याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. भागाबाई म्हणाली, "बाळंतपनात पथ्य पाळलं नसंल." रामा तेव्हा विशीचा होता. विसाव्या वर्षी उगवणारं बाळंतपणातलं अपथ्य मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी भिंतीला म्हटलं, "दादांना म्हणावं, मिलो परवा आला आणि गाठ पोळ्याची आहे." भिंतीनं ऐकलं असेल.

मग आत्याबाईंनी पथ्य सुरू केलं. ज्या बाईच्या ताटात आधीच काही नव्हतं, तिच्या ताटातून डाळ गेली, तेल गेलं, तिखट गेलं, शेवटी मीठही गेलं. अळणी मुगाचं पाणी आणि भाकरीचा पापुद्रा. गाठीवर जवसाचं पोटीस. जिजी सगळं निमूटपणे करायची, कारण सोडण्याची तिला सवयच होती. "गाठीला खायाला न्हाई मिळालं की वाळंल ती," असं ती मला समजावायची. गाठ वाळली नाही. जिजी वाळली.

मी पाठ सोडेना म्हणून दादांनी तिला तालुक्याच्या डॉक्टरकडं नेलं. मी बरोबर गेले. डॉक्टरांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली. गाठीचं मी सांगितलं. पदरावरूनच त्यांनी दोन बोटं टेकवली आणि काढली. म्हणाले, "चरबीची असेल. अशक्तपणा फार आहे. व्हिटॅमिनची सुई देतो, ताकद येईल." लालभडक सुई. जिजीला त्या रंगाचा फार विश्वास वाटला. "रक्तावानी हाय गं, अंगात भिनत असंल," म्हणायची. दर आठवड्याला बाजारच्या दिवशी दादा तिला नेऊन ती सुई टोचून आणायचे आणि आपण बायकोचा इलाज करतो आहोत या समाधानात राहायचे. चोळी उतरवून नीट तपासायला त्या डॉक्टरांना अवघड वाटलं, जिजीला अवघड वाटलं, दादांना अवघड वाटलं. गाठीला काही अवघड वाटलं नाही. ती वाढत राहिली.

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली. एका दुपारी गोवऱ्यांच्या ढिगामागं जिजीची चोळी वाळत घातलेली मला दिसली. धुऊनही गाठीच्या जागचा रक्ताचा डाग गेला नव्हता. मी चोळी घेऊन तशीच तिच्यापुढं जाऊन उभी राहिले.

"उद्या सकाळच्या एसटीनं नगरला जायचं."

"ह्यास्नी इचारल्याबगर?"

"न विचारता. नाही आलात तर तुम्हाला लताची शपथ."

शपथांवर माझा विश्वास नाही. तिचा होता, तेवढं मला पुरे होतं.

मालकांनी बॅग उचलली, रामा बरोबर आला. नगरच्या दवाखान्यातल्या लेडी डॉक्टर चष्मा लावणाऱ्या, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी पडदा ओढला, जिजीला झोपवून दोन्ही बाजू, काख, गळा, सगळं हातानं तपासलं. मग हात धुताना माझ्याकडं न बघता विचारलं, "इतके दिवस काय करत होतात?"

"पथ्य," मी म्हटलं.

त्यांनी नळ बंद केला. कॅन्सर आहे, काखेत उतरला आहे, स्तन काढावा लागेल, हे त्यांनी मला बाहेर नेऊन सांगितलं. जिजीला मी ते त्याच दिवशी सांगितलं. तिचं शरीर, तिला कळायला नको? संध्याकाळी डॉक्टर फेरीला आल्या तेव्हा तिनं एकच प्रश्न विचारला.

"बाई, म्या काय खाल्लं म्हनून झालं हे?"

"अमुक खाल्लं म्हणून झालं असं मला सांगता येणार नाही, आणि कुणी सांगत असेल तर त्याला कळत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "खाण्यापिण्याचा काही वाटा असू शकतो. शोध चाललेत. पण तुम्ही काही चुकीचं खाल्लंत आणि त्याची ही शिक्षा, असलं काही मनात ठेवू नका."

"मंग सोडल्यानं बरं बी व्हनार न्हाई?"

"गाठ उपाशी ठेवता येत नाही, बाई. उपाशी तुम्ही राहता." आणि मग माझ्याकडं वळून, "अंगात रक्त नाही यांच्या. अशी टेबलावर घेता येणार नाही. बाटल्या लावू, पण खायला घाला. दूध, पालेभाजी, फळं, जे मिळेल ते. पंधरवड्यात मला माणसात आलेल्या दिसल्या पाहिजेत."

मी खाली जाऊन दूध घेऊन आले. जिजीनं तोंड फिरवलं.

"जिजी, डॉक्टरांनी सांगितलंय."

"ह्यांच्या नावच्या गोरसावं तुझ्या दाक्तरीनबाईचा काय हक? म्या पेले आन् ह्यांची कंबर पुन्हा गेली तर?"

मेथी आणली तर म्हणाली लताला काही झालं तर. आंबा, तर रामा. अंगात रक्त नाही, छातीत कॅन्सर, आणि ही बाई एकेका घासासमोर एकेका माणसाला उभं करत होती. मला तिचा इतका राग आला की मी व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. तिथं उभ्या उभ्या मला सुचलं. आत येऊन मी ठणकावून सांगितलं की माझ्या माहेरी खर्ड्याकडं रीत आहे: ज्याच्या नावानं सोडलं, त्यानं आपल्या हातानं भरवलं की सोडलेलं सुटतं, आणि देवाचा राग होत नाही. अशी रीत खर्ड्यात नाही, माझ्या माहितीत कुठंच नाही. मी ती त्या व्हरांड्यात तयार केली.

जिजीनं माझ्याकडं निरखून पाहिलं. "खरं सांगतीस?"

"मास्तरीण खोटं बोलेल?"

दुसऱ्या दिवशी मालकांनी लताला आणलं. नऊ वर्षांच्या माझ्या मुलीनं मेथीच्या भाजीचा घास करून जिजीच्या तोंडात घातला. जिजीनं डोळे मिटून चावला, आणि म्हणाली, "मीठ कमी घातलंया, मास्तरीन. सैपाक कवा शिकनार तू?" रामानं बाजारातून आंबा आणला, कापला आणि फोड तिच्या ओठाशी धरली, तसा रस तिच्या मानेवर ओघळला. आत्याबाईंना प्रवास झेपत नव्हता. त्यांनी स्वतःच्या हातानं चिरून, मीठ लावून लिंबाच्या फोडी बरणीतून पाठवल्या आणि निरोप दिला, "म्हणावं, माझ्या डोळ्यांचं मी बघून घेईन." सगळं पथ्य ज्या म्हातारीनं चालवलं, तिनंही आपलं लिंबू सोडवलं. बैल दुष्काळात बाजारात गेला होता. मी विचारलं, "पेरूचं काय करायचं? बैलाला शोधून आणू का?" जिजी उशीवर डोकं टाकून हसली. "त्यो ग्येला, त्याचा पेरू त्याच्यासंगट सुटला." त्या आठवड्यात ती जेवताना पाहून मला वाटलं, की ही बाई खाणं किती छान खाते. बोटं चाटून खायची.

राहिले दादा, आणि राहिलं दूध.

दादा शेवटी आले. हातात टोपी धरून वॉर्डाच्या दारात उभे राहिले. मी दुधाचा पेला भरून त्यांच्या हातात देऊ लागले. त्यांनी हात मागं घेतला. रामाकडं बघून म्हणाले, "तुझ्या काकीला सांग, मी ह्यात पडनार न्हाई. देवाच्या नावानं सोडल्यालं हाय, मोडायचं न्हाई."

रामा म्हणाला, "दादा, निस्ता पेला तोंडाला लावायचाय."

"तू गप. लंगडं मला व्हायचंय का तुला?"

मी डोक्यावरचा पदर खाली घेतला. त्या माणसाच्या तोंडाकडं पाहून मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले. "दादा, भिंत इथं नाही, म्हणून तुमच्याशी बोलते. तुम्ही बरे झालात ते तुमचं हाड जुळलं म्हणून. आणि जिजीनं दूध सोडलं म्हणून बरे झालात असं तुम्हाला वाटत असेल, तर मग इतकी वर्षं तुम्ही तिचं दूध पिताय. आता एक पेला परत द्या."

सगळा वॉर्ड ऐकत होता. दादांचा चेहरा लाल झाला. त्यात राग होता, पण त्याखाली मला स्वच्छ दिसलं ते भय. कंबरेचं भय. बायको समोर पडलेली, आणि हा गृहस्थ एक हात नकळत स्वतःच्या कंबरेवर ठेवून उभा होता.

आणि जिजी काय म्हणाली? "नगं, मास्तरीन. नगं त्यास्नी बोलू. भ्या वाटतं त्यास्नी. दूध न्हाई तर न्हाई. मला मेथी दे."

तिच्यावर ओरडावं की त्यांच्यावर, हे मला कळेना. मी पेला उचलला आणि शेजारच्या खाटेवरच्या पाथर्डीकडच्या एका म्हातारीला दिला. तिनं तो एका दमात संपवला आणि मला आशीर्वाद दिला.

ऑपरेशन झालं. जिजी उठली, घरी आली. एका बाजूनं सपाट झालेल्या छातीवर पदर घट्ट ओढून पुन्हा गोठ्यात जाऊ लागली. तिचं तिनं ठरवून टाकलं होतं: मेथी खायची, लिंबू खायची, आंब्याच्या दिवसांत आंबा खायची. ताटही घ्यायला लागली होती. दूध काढायची आणि प्यायची नाही. पुढच्या थंडीत पाठ दुखायला लागली, मग श्वास लागायला लागला. लेडी डॉक्टर म्हणाल्या, पसरलाय. शेवटी शेवटी ती मला म्हणाली, "मास्तरीन, तुझ्या म्हायेरात तशी रीत न्हाई, व्हय ना?" मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "ठावं हुतं मला. पर मेथी लई ग्वाड लागली."

दूध प्यायली असती तर ती वाचली असती, असं मी म्हणत नाही. लेडी डॉक्टरांनीही तसं म्हटलं नसतं. गाठ पोळ्याला बारीक होती तेव्हा चोळी उतरवून कुणी पाहिली असती तर कदाचित वाचली असती. हल्ली मासिकांत लेख येतात, कोणत्या जीवनसत्त्वानं हा रोग दूर राहतो, कोणत्या खाण्यानं जवळ येतो. मी वाचते. खाण्याचा वाटा असेल, मी नाकारत नाही. बायकांनी चांगलं खावं, पोटभर खावं, यासाठी मला कॅन्सरचं कारणही लागत नाही. पण आमच्या घरात ती सगळी चर्चा जिजीच्या खाण्याबद्दल नव्हतीच. बाईनं काय खाल्लं हे विचारत बसलं की तिला काय झालंय ते बघावं लागत नाही. तिची चूक सापडली की आपलं काम संपतं. जिजी गेल्यावर हीच भागाबाई दारात बसून म्हणाली, "दूध न्हाई, तूप न्हाई, म्हनून झालं बगा." वर्षभरापूर्वी खाल्लं म्हणून झालं होतं. मी तिला उठून जायला सांगितलं.

दहाव्याच्या दिवशी दादांनी पिंडाशेजारी द्रोण ठेवला. द्रोणात दूधभात होता, वर तूप, बाजूला दह्याची कवडी. "तिला आवडायचं," असं ते भटजींना सांगत होते. कावळा लगेच शिवला. सगळे म्हणाले, इच्छा पुरी झाली. मी नदीवरून कुणाशी न बोलता घरी आले.

यालाही आता बरीच वर्षं झाली. रामाचं लग्न झालं, सुमन घरात आली. शांत मुलगी, घरचं सगळं पाहते. दादा थकले आहेत, कंबर ठणठणीत आहे, पण हिवाळ्यात दमा उठतो. मागच्या हिवाळ्यात तो जास्तच उठला. मी सकाळी शाळेला निघाले होते तर अंगणात सुमन तुळशीपुढं उभी. ओंजळीत पाणी. ओसरीवर खाटेवर दादा बसलेले, तिच्याकडं बघत.

"काय करतेस?"

"मामंजींना बरं वाटंना ना, काकू. दूध सोडते. सासूबाई करायच्या ना तसं. शेजारच्या आजी सांगत होत्या."

मी पिशवी खाली ठेवली. तिचे दोन्ही हात धरून ओंजळ उघडली. पाणी तिच्या पायांवर पडलं. मग स्वयंपाकघरात गेले, चुलीवरच्या पातेल्यातलं दूध पेलाभर ओतलं, साय बाजूला न करता, आणि बाहेर आणून तिच्या हातात दिलं.

"पी."

तिनं ओसरीकडं पाहिलं. दादांचा हात कंबरेवर होता.

"तिकडं नको बघू. पी."

शाळेची घंटा ऐकू येत होती. वाजू दे म्हटलं. पेला रिकामा होईपर्यंत मी तिथून हलले नाही.